शिखंडीचे पुरुषत्व

कोणास भ्याड ठरवावयाचे असले म्हणजे आपल्या बोलण्यात ‘शिखंडी’ हे नाव सहज येते. कुरुक्षेत्रावर अखेरपर्यंत शस्त्र धरून उभ्या राहिलेल्या द्रुपदपुत्राच्या वाट्यास ही अपकीर्ती का यावी, याचा विचार आपण फारसा करीत नाही. भीष्मांनी त्याच्यावर बाण टाकला नाही एवढेच आपल्या स्मरणात राहिले आहे. परंतु उद्योगपर्वात स्वतः भीष्मच दुर्योधनास शिखंडीची जी कथा सांगतात, ती सध्या अनेक घरांतून दबक्या आवाजात चर्चिल्या जाणाऱ्या एका प्रश्नाशी फार निकटची आहे. जन्मतः मुलगी ठरलेल्या व्यक्तीने ‘मी पुरुष आहे’ असे म्हटले, अथवा मुलगा ठरलेल्याने ‘मी स्त्री आहे’ असे म्हटले, आणि तदनुसार नाव, वेष व प्रसंगी देहही बदलावयाचे ठरविले, तर तो निर्णय कोणाचा? त्या व्यक्तीचा, आईबापांचा, वैद्याचा, की सरकारचा?

कथा थोडक्यात अशी. द्रुपदास कन्या झाली. शंकराच्या वरावर विश्वासून त्याने व राणीने ती पुत्र म्हणून वाढविली आणि दशार्ण देशचा राजा हिरण्यवर्मा याच्या कन्येशी तिचा विवाह लावला. सत्य उघडकीस आले तेव्हा हिरण्यवर्मा सैन्यासह चालून येण्यास सिद्ध झाला. आपल्यामुळे आईबापांवर संकट आले या दुःखाने शिखंडिनी प्राणत्याग करण्यासाठी वनात गेली. तेथे स्थूणाकर्ण नावाच्या यक्षाने काही मुदतीसाठी आपले पुरुषत्व तिला दिले व तिचे स्त्रीत्व स्वतः घेतले. मुदत भरताच शिखंडी ते परत करावयास वनात हजर झाला, हा भाग आपले कीर्तनकार बहुधा गाळतात. दरम्यान कुबेराने यक्षास शाप दिला होता, म्हणून ते पुरुषत्व शिखंडीपाशी आमरण राहिले. आणि तरीही भीष्म शेवटपर्यंत म्हणत राहिले की, जो पूर्वी स्त्री होता त्यावर मी शस्त्र उचलणार नाही.

या कथेच्या आधारे आजचा कोणताही निर्णय शास्त्रसंमत ठरवावा, असे आम्ही म्हणत नाही. शिखंडीचा देहपालट अंबेच्या सूडाशी बांधलेला आहे. आजच्या तरुणास सूड उगवावयाचा नसतो, नोकरीवर जाऊन सुखाने जेवावयाचे असते. तथापि व्यासांनी यक्षाचे औदार्य व भीष्मांचा नकार ही दोन्ही एकाच ग्रंथात ठेवली, एकाने दुसऱ्यास पुसून टाकले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

‘निवड’ हा शब्द या बाबतीत फार सैल वापरला जातो. आपण स्त्री की पुरुष ही आतली जाणीव कोणी निवडीत नाही; तसे असते तर इतकी अवहेलना पदरी घेणारी निवड कोणी केली असती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली आहे. निवड असते ती पुढील पावलांची. कोणी केवळ नाव व वेष बदलतो, कोणी संप्रेरके घेतो, कोणी शस्त्रक्रिया करवितो, आणि कोणी यांतले काहीच करीत नाही. ही पावले सारखी नाहीत. पुरुष-संप्रेरकाने एकदा जाड झालेला आवाज औषध थांबविल्याने पूर्ववत् होत नाही. अपत्यप्राप्तीची शक्ती उणावू शकते, म्हणून बीज अगोदर जतन करण्याचा विचार वैद्य सुचवितात. पश्चात्ताप झालेलीही माणसे आहेत; त्यांस खोटे पाडण्याचे कारण नाही. म्हणूनच सज्ञान व्यक्तीचा निर्णय आणि अल्पवयीन मुलाचा निर्णय आम्ही एका मापाने मोजणार नाही. इंग्लंडसारख्या देशातही २०२४ मध्ये मुलांना वयात येणे लांबविणारी औषधे सर्रास देणे थांबविण्यात आले. मुलाचे म्हणणे ऐकून घेणे मात्र कोणत्याही वयात थांबविता येत नाही.

आपल्या समाजाने अशा माणसांस मुळीच जागा दिली नाही, असेही नाही. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्मेस वाहिलेले, लुगडे नेसणारे जोगते आपण पाहिले आहेत. बडोदे राज्याच्या कडी प्रांतात असलेल्या बहुचराजीच्या देवस्थानास गायकवाडांचा आश्रय होता आणि ती देवी हिजड्यांचे आराध्यदैवत आहे. पण या जागेची अट कठोर होती. देवीच्या नावाने घर सोडावयाचे व जोगव्यावर जगावयाचे. ‘देवीने ओढले’ म्हटले की आईबाप गप्प बसत. ‘मला असे वाटते’ म्हटले की मार पडे. इंग्रजी अमलात तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा लोकांची नोंदवही ठेवली, स्त्रीवेषात उघड फिरणे गुन्हा ठरविले व त्यांस मृत्युपत्र करण्यासही मनाई केली.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी न्या. राधाकृष्णन व न्या. सिक्री यांच्या निकालाने, आपली लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा ठरविले. २०१९ चा कायदा झाला तेव्हा त्यात जिल्हा दंडाधिकाऱ्याचा दाखला आला, आणि स्त्री वा पुरुष म्हणून नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय प्रमाणपत्राचीही अट आली. हिरण्यवर्म्यानेही शिखंडीची खात्री करून घेण्यास युवती पाठविल्या होत्या! संशयी सासऱ्याची रीत सरकारने उचलावी, हे आम्हांस शोभादायक वाटत नाही.

आता आईबापांविषयी. त्यांस धक्का बसतो, नातलगांचे टोमणे त्यांनाच ऐकावे लागतात, आणि वीस वर्षे ज्या नावाने हाक मारली ते जिभेवरून एका दिवसात उतरत नाही. त्यांनी वेळ मागावा, शंका विचाराव्यात, चांगल्या वैद्याकडे सोबत जावे. हा त्यांचा अधिकार आहे. सज्ञान अपत्यास कोंडून ठेवण्याचा अधिकार त्यांस नाही. मुलगा वनात गेल्यावर द्रुपद काय करणार होता?

आणि एक उपाय आपल्या घरांतून हटकून सुचविला जातो: ‘लग्न करून द्या, सगळे सुरळीत होईल.’ द्रुपदानेही हेच केले. दशार्णराजाची कन्या विवाहानंतर सत्य समजून दाईंपाशी बोलली, एवढेच कथेत येते. पुढे तिच्या मनाचे काय झाले, हे भीष्म सांगत नाहीत व दुर्योधनही विचारीत नाही. आपल्याकडे अशी स्थळे जुळविताना मुलीच्या घरच्यांस काही सांगितले जाते काय? पत्रिका पाहतात, गोत्र पाहतात, आणि मुलाने आईपाशी रडून सांगितलेली गोष्ट तेवढी पेटीत बंद राहते.