जुनी गाडी, लांबचा रस्ता आणि वज्जींचे सात नियम





महापरिनिब्बान सुत्त म्हटले की आपल्याला कुसिनारा आठवते, जोड शालवृक्ष आठवतात, तथागतांचा अखेरचा उपदेश आठवतो. पण या सुत्ताची सुरुवात मृत्यूने होत नाही, राजकारणाने होते. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींचे गणराज्य जिंकायचे असते. तो आपला मंत्री वस्सकार याला राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे पाठवतो. तथागत त्याला थेट उत्तर देत नाहीत. मागे उभे राहून वारा घालणाऱ्या आनंदाला ते सात प्रश्न विचारतात. वज्जी वारंवार सभा भरवतात का? एकत्र जमून, एकत्र उठून, एकजुटीने काम करतात का? ठरलेले नियम पाळतात का? वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांचे ऐकतात का? स्त्रियांवर जबरदस्ती करत नाहीत ना? आपल्या चैत्यांचा आदर ठेवतात का? अरहंतांचे रक्षण करतात का?

प्रत्येक प्रश्नाला आनंदाचे उत्तर ‘होय’ असेच आहे. हे जोवर टिकेल तोवर वज्जींचा ऱ्हास नाही, असे तथागत सांगतात. वस्सकार हुशार होता. युद्धाने हे लोक हरणार नाहीत, आपसात फूट पाडली तरच हरतील, हे त्याने लगेच ओळखले. अट्ठकथेत पुढची हकिकत आहे. तो वैशालीत जाऊन राहिला आणि तीन वर्षांत त्याने एकेकाच्या मनात दुसऱ्याविषयी संशय पेरला. मगधाची सेना आली, नगारा वाजला, पण कोणीच जमले नाही.

वस्सकार निघून गेल्यावर तथागतांनी भिक्खूंना एकत्र बोलावले आणि ऱ्हास टाळणारे असेच सात नियम संघालाही दिले. त्यानंतरच ते अखेरच्या चारिकेला निघाले. नालंदा, पाटलिगाम, गंगेपलीकडे वैशाली, मग पावा आणि कुसिनारा. वय ८० वर्षे. वैशालीजवळच्या बेलुवगामात मोठे आजारपण आले. त्यातून उठल्यावर त्यांनी आनंदाला सांगितले की जुनी गाडी पट्ट्या बांधून कशीबशी चालवावी, तसे हे शरीर आता चालले आहे. हे सांगणारा माणूस उदास नव्हता. वाटेतली वने, चैत्ये किती रमणीय आहेत, हेही ते याच प्रवासात सांगतात. वैशाली सोडताना हत्तीसारखे संपूर्ण अंग वळवून त्यांनी त्या नगरीकडे पाहिले आणि हे अखेरचे पाहणे आहे, असे सांगितले. मृत्यू समोर आहे हे माहीत असूनही जग सुंदर दिसावे, मन कोणाविषयीही कडवट नसावे, ही त्या दृष्टीची शिकवण आहे.

ही शिकवण मला नुकतीच एका वयस्कर उपासकांच्या तोंडून ऐकायला मिळाली. आपल्यातले हे काका ७८ वर्षांचे आहेत. सत्तरच्या दशकात ते विदर्भातून अमेरिकेत आले. डोळ्यांमुळे त्यांनी आता गाडी चालवणे सोडले आहे. ऑक्टोबरात पाने रंगली की आपल्यापैकी कोणीतरी त्यांना न्यू जर्सीतून डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्वेनियाच्या खेड्यांकडे फिरवून आणतो. त्या वर्षी ती पाळी माझी होती. मका काढून झालेली शेते, लाल कोठारे, रस्त्याकडेला भोपळ्यांचे ढीग. निवडणूक जवळ आलेली, म्हणून अंगणाअंगणात पाट्या. एका चर्चजवळ काकांनी गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, “पाह्य, हे दोन घरं शेजारी-शेजारी, पाट्या एकमेकांच्या उलट. पण चर्चमागचं कब्रस्तान एकच आहे. तिथं कोणाच्या दगडावर पक्ष लिहिला आहे का?”

मग त्यांनी आपल्या मित्राविषयी सांगितले. दोघे या देशात आले तेव्हा एकाच खोलीत राहिले. आठ कुटुंबे जमवून त्यांनी इथली पहिली भीमजयंती साजरी केली. पुढे तिकडच्या कोणत्या नेत्याच्या, कोणत्या युतीच्या बाजूने उभे राहायचे यावरून दोघांचे बिनसले. दोन गट झाले, दोन जयंत्या झाल्या, नऊ वर्षे बोलणे बंद. त्यांचा मित्र मागच्या हिवाळ्यात गेला. अंत्यविधीला दोन्ही गटांची माणसे आली. काका म्हणाले, “एकत्र त्रिशरण म्हणायला आम्हाला त्याच्या मरणाची वाट पाहावी लागली.”

बंधूभगिनींनो, हे एकट्या काकांचे दुःख नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे गट पडू लागले. ते गट आपण सामानासोबत परदेशातही आणले. आज फूट पाडायला वस्सकाराने तीन वर्षे मुक्काम करण्याची गरज नाही. व्हॉट्सअॅपवर पुढे ढकललेला एक संदेश पुरतो. संध्याकाळपर्यंत चार जण गट सोडून गेलेले असतात.

यावर कोणी विचारेल, मग मतभेद बोलूच नयेत का? अन्याय पाहून गप्प बसावे का? नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण वेगळे सांगितले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होता. शाक्यसंघाच्या सभेत युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने उभे राहून उघड विरोध केला. बहुमत विरोधात गेले. त्याने आपले मत सोडले नाही, आणि शाक्यांशी वैरही धरले नाही. परिव्रज्या पत्करली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की भिक्खुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतदान यांचे नियम ठाऊक होते. मतदानाचे नियम तिथेच लागतात जिथे मते वेगळी असतात. म्हणजे समग्रता याचा अर्थ सर्वांचे एकमत असा नाही. मत विरोधात गेले तरी पुढच्या सभेला येणे, ही समग्रता.

आणि हे जमण्यासाठी लागते मरणसती. कोसंबीचे भिक्खू क्षुल्लक कारणावरून इतके भांडले की तथागत त्यांना सोडून पारिलेय्यक वनात गेले. त्या भिक्खूंच्या संदर्भात सांगितली जाणारी गाथा धम्मपदाच्या यमकवग्गात आहे. आपल्याला इथून जायचे आहे हे ज्याला खरोखर कळले, त्याच्यापुरता तंटा संपतो, असा तिचा आशय आहे. मरणसती म्हणजे रडगाणे नव्हे. समोरच्याला उत्तर लिहिण्याआधी एवढेच मनात आणावे की हाही जाणार आहे, मीही जाणार आहे. मुद्दा असेल तर तो राहील. विष मात्र उतरेल.

म्हणून या वर्षावासानंतर तीन गोष्टी करू या. मतभेदामुळे बोलणे बंद झालेल्या एका माणसाला फोन करू या. राजकारणाचा विषय काढू नका, फक्त तब्येत विचारा. धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर यांपैकी किमान एक कार्यक्रम दुसऱ्या गटासोबत करू या. एकत्र जमणे हा सातांपैकी पहिला नियम आहे. आणि ज्यांना आता गाडी चालवता येत नाही अशा आपल्या काका-काकूंना, आजी-आजोबांना एखाद्या रविवारी गावाबाहेर फिरवून आणू या. वडीलधाऱ्यांचे ऐकणे हाही त्या सातांपैकीच एक नियम, आणि माणूस गाडीत शेजारी बसला की मोकळेपणाने बोलतो.

नगारा वाजेल तेव्हा आपण सारे जमलेले असू, एवढी तयारी आपल्या हयातीतच करू या. अप्रमादाने वागा, या अखेरच्या उपदेशाचा आपल्यापुरता अर्थ हाच आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!