क्षमेचा अधिकार कोणाचा?

मारहाण असो वा फसवणूक, भारतात पोलिसांत नोंदवलेल्या गुन्ह्याचा खटला सरकार चालवते. फिर्यादी त्यात साक्षीदार असतो, खटल्याचा धनी नसतो. तरीही दोन्ही पक्ष मिळून उच्च न्यायालयात येतात, फिर्यादी ‘गुन्हा रद्द होण्यास हरकत नाही’ असे प्रतिज्ञापत्र देतो, न्यायमूर्ती ही संमती स्वखुशीची आहे ना, याची खात्री करून घेतात आणि खटला संपतो. अपराध समाजाविरुद्ध असेल, तर तो एकट्याने माफ करता येतो का?

तत्त्वज्ञ इमान्युएल कांटचे उत्तर कठोर आहे. एखाद्या बेटावरचा समाज सर्वांच्या संमतीने विखुरणार असला, तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी फाशी दिलीच पाहिजे, असे त्याने 1797 मध्ये लिहिले. यहुदी परंपरा दुसऱ्या बाजूने विचार करते. मिश्ना या तिच्या धर्मनियमांच्या संग्रहानुसार प्रायश्चित्ताच्या दिवशी ईश्वराविरुद्धची पापे धुतली जातात. माणसाविरुद्धची मात्र त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय नाहीत. दुखावलेल्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार येथे ईश्वरही स्वतःकडे घेत नाही.

हिंदू धर्मशास्त्राने प्रायश्चित्त आणि राजदंड ही दोन खाती वेगळी ठेवली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायानुसार महापातक्याने प्रायश्चित्त घेतले, तर कपाळावर डाग देण्याची शिक्षा टळते. पण राजाकडे ‘उत्तम साहस’ म्हणजे सर्वांत मोठा दंड भरावाच लागतो. पापाची शुद्धी झाली तरी राजाचे देणे उरते.

इस्लामी कायद्यात खून झालेल्याचे वारस खुन्याला माफ करू शकतात किंवा रक्ताची भरपाई घेऊ शकतात. सूडाची साखळी तोडणारी ही तरतूद करुणेची आहे. पण पाकिस्तानात ‘इज्जती’साठी बहिणीला मारणाऱ्या भावाला आईवडीलच माफ करू लागले. मारणारा घरचा आणि माफ करणाराही घरचाच. अखेर 2016 मध्ये कायदा बदलला आणि अशा खुनात माफीनंतरही जन्मठेपेची तरतूद झाली.

भारतीय कायदा मधल्या वाटेने जातो. कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात, त्याची यादी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. यादीबाहेरच्या प्रकरणांत उच्च न्यायालय अंगभूत अधिकार वापरते. पूर्वीच्या संहितेचे कलम 482, आताच्या संहितेचे 528. ग्यान सिंग खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सीमा आखली: व्यापारी, आर्थिक, कौटुंबिक वाद तडजोडीने संपू शकतात, खून, बलात्कार, दरोडा नाही. खुनाच्या प्रयत्नाबाबत 2014 च्या नरिंदर सिंग निकालाने नुसत्या कलमावर न थांबता घाव शरीराच्या कोणत्या भागावर बसला, हत्यार कोणते होते, हे पाहायला सांगितले. हीच पद्धत योग्य वाटते, कारण फिर्यादीच्या वाट्याचे दुःख किती आणि इतरांच्या वाट्याची भीती किती, हे जखमच अधिक खरे सांगते.

क्षमा करणारा खरोखर मोकळा आहे का, हे प्रतिज्ञापत्रावरून कळत नाही. कर्जात बुडालेला फिर्यादी पैशासाठी सही करतो, सासरी परतायचे असलेली सून घरासाठी. राजस्थानातल्या एका प्रकरणात शिक्षकावर विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा आरोप होता. तिच्या वडिलांनी तडजोड केली आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. दाद मागायला घरचे कोणी आले नव्हते, गावातले लोक आले होते. अन्याय मुलीवर झाल्याचा आरोप होता आणि सही वडिलांची होती. खटला पुढे चालवण्याचा आदेश झाला.