बैलघोड्याहून आणलेला कुत्रा

परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला लालबाग-परळकर अजूनही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ते सुरू झाले तेव्हा शहराची ओझी बैल आणि घोडेच वाहत असत. आज तेथे कुत्री-मांजरेही येतात. काही जखमी, तर काही माणसांनी टाकून दिलेली. आपल्यापैकी काही कुटुंबे महागडे पिल्लू विकत घेण्याऐवजी अशा ठिकाणाहून कुत्रा दत्तक घेतात. हे चांगलेच आहे. परंतु दया आली म्हणून आणला, एवढे पुरे आहे का?

मुलांना बहुधा तोच आवडतो जो जाळीवर सर्वांत उंच उड्या मारतो. लांब पाय, बारीक कंबर, वय जेमतेम वर्षभर. गावठी रक्तात कुठेतरी कारवानी शिकारी कुत्र्याचा अंश. त्याचे पूर्वज माळरानावर सशामागे धावले. आपण त्याला आणतो गिरगावातल्या चाळीत किंवा १६० चौरस फुटांच्या बीडीडी खोलीत. महिनाभरात चपला कुरतडल्या जातात, शेजारी कुरकुरतात आणि ‘कुत्रा वाईट निघाला’ असे म्हणत त्याला परत नेऊन सोडले जाते. कुत्रा वाईट नव्हता. त्याला धावायचे होते.

‘माणसे उपाशी असताना कुत्र्यावर खर्च कशाला?’ हा प्रश्न मिस्सेनंतर चर्चच्या आवारात हमखास निघतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २४१८) एकाच ठिकाणी दोन्ही गोष्टी सांगतो: प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसांचे दुःख हलके करण्यासाठी आधी खर्चायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. प्राण्यांवर प्रेम करावे, पण माणसाच्या वाट्याचे प्रेम त्यांना देऊ नये. पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०२२ मध्ये मुलांच्या जागी कुत्री-मांजरे ठेवणाऱ्या जोडप्यांची कानउघाडणी केली होती. त्यावर बरीच टीका झाली. आम्हांला मात्र त्यात कुत्र्याचाही विचार दिसतो. ‘आमचे बाळ’ म्हणून दिवसभर मांडीवर बसवलेल्या शिकारी कुत्र्यावर कोणती माया झाली? देवाने त्याला जसे घडवले तसे तर आपण त्याला राहू दिलेच नाही.

तोबीतच्या ग्रंथात (प्रोटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये तो सहसा नसतो) तरुण तोबियस रफाएल देवदूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही सोबत जातो आणि परतीच्या वाटेवरही सोबत असतो. त्याला नाव नाही, त्याच्या हातून चमत्कार घडत नाही. तो फक्त चालतो. आपल्या तरुण कुत्र्यालाही आपल्याकडून मुख्यतः हेच हवे असते. बिस्किटांपेक्षा दादर चौपाटीवरची पहाट त्याला प्यारी. तेव्हा खरा खर्च पैशाचा नाही, वेळेचा आहे. आणि तो पुढची बारा-तेरा वर्षे रोज करायचा आहे.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी ‘नाही’ म्हणण्यात आम्हांला निर्दयपणा वाटत नाही. चाळीच्या आवारातल्या कुत्र्याला रेबीजची लस टोचून घेणे, त्याचे निर्बीजीकरण करवून घेणे, हीसुद्धा दयाच आहे. ज्यांना घरी आणायचाच आहे, त्यांच्या अर्जावर सही एकाची असेल. पण जुलैच्या पावसात पहाटे साडेपाचला साखळी घेऊन जिना कोण उतरणार, हे त्याआधी सर्वांनी बसून ठरवावे. आजीलाही विचारावे. दिवसभर घरात तीच असते.