बेलाचे पान कोणाचे?

बेल निवडताना भाविकाची नजर चोखंदळ होते. त्रिदळ अखंड हवे. भोक पडलेले, कुरतडलेले पान बाजूला जाते. भोपाळमध्ये ही निवड लांबते. हिंदी पंचांगाचा श्रावण पौर्णिमेला संपतो, मराठी श्रावण अमावास्येला. त्यामुळे तिथल्या मराठी घरांचे सोमवार पंधरवडाभर उशिरा सुरू होतात आणि शहरातल्या बेलांवर दीड महिना हात पडत राहतो.

हेच पावसाळी दिवस बहुरूपी फुलपाखराच्याही विणीचे. कॉमन मॉर्मन या नावाने ओळखले जाणारे हे काळे फुलपाखरू झाडीत रमते. मादीच्या एका रूपात तर विषारी ‘कॉमन रोझ’ फुलपाखराचे हुबेहूब सोंग असते. पानावर उतरली की ती पुढच्या पायांनी ते चाचपून चव घेते. झाड लिंबाच्या कुळातले, म्हणजे लिंबू, कढीपत्ता किंवा बेल, अशी खात्री पटली की एकेक अंडे चिकटवते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी हिरवीगार होते. तिला डिवचले तर डोक्यामागून लाल, दुभंगलेला अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो.

मग तिने कुरतडलेले पान अपवित्र झाले का?

अखंड पानाचा नियम वाहणाऱ्याने काळजी घ्यावी यासाठी आहे. अळीला दोषी ठरवण्यासाठी नाही. शैव दर्शनात ‘पशू’ म्हणजे बंधनात असलेला प्रत्येक जीव, आणि शिव त्या सर्वांचा पती. त्या व्याख्येतून अळीला वगळायला काहीही आधार नाही. ज्याला पान वाहायचे त्याच्याच आश्रिताचा घास काढून घेणे ही पूजा कशी?

परंपरेने संयमही सांगून ठेवला आहे, हे मात्र सोयीने विसरले जाते. सोमवारी, तसेच चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी आणि अमावास्येला बेल तोडू नये, असा संकेत आहे. बेल शिळा मानत नाहीत. वाहिलेले पान धुऊन पुन्हा वाहता येते. म्हणजे फांद्या ओरबाडून टोपल्या भरण्याची गरज शास्त्रालाही नाही. भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी वनविहार राष्ट्रीय उद्यानात झाडपाल्याला संरक्षण आहे. वस्तीतल्या आणि देवळामागच्या बेलाला ते नाही. तिथे फक्त तोडणाऱ्याचा विवेक आहे.

तेव्हा येत्या श्रावणात एकच त्रिदळ खुडा, तेही पान उलटून पाहून. अंडे किंवा अळी दिसली, तर ते पान झाडावरच राहू द्या.