गोडे पाणी, खारे पाणी

आमच्या कोल्हारास समुद्र नाही, प्रवरा आहे. तरी समुद्राचे पाणी आमच्या बोलण्यात येतेच. आमटीत मीठ जास्त पडले की जेवणारा म्हणतो, “हे काय, समुद्राचं पाणी वाढलंय का?” आणि नदीच्या पाण्याला आम्ही ‘गोडे’ म्हणतो. वाचकहो, त्यात साखर कोठे असते? मीठ जाणवत नाही, एवढाच त्याचा गोडवा.

मग समुद्र खारा का? या गोड्या नद्यांनीच त्याला खारा केला. खडक झिजवीत येताना त्या थोडाथोडा क्षार वाहून आणतात. आमची प्रवराही प्रवरासंगमी गोदावरीस मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरास जाते. सूर्य समुद्रातले पाणी उचलतो, मीठ मागे ठेवतो. असे युगानुयुगे साचत समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार झाले. समुद्राला पुढे वाट नाही, त्याचा काय दोष?

आता आपल्या शिवाराकडे पाहावे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. पाटाच्या पाण्यावर ऊस आला, घरे उभी राहिली. तो उपकार मोठाच. पण जेथे पाणी बेसुमार दिले आणि निचरा ठेवला नाही, तेथे जमिनी चोपण झाल्या. ओल वर येते, ऊन ती शोषते, मीठ मागे राहते. समुद्राचीच रीत आम्ही बांधाच्या आत आणली!

उपाय शेतकऱ्यास ठाऊक आहे: पाणी बेताने द्यावे, चर खणावा. पण चर शेजाऱ्याच्या रानातून जातो, आणि येथेच माणसाची परीक्षा होते. खालचा म्हणतो, “माझ्या रानातून नको.” वरचा आपले खारे पाणी त्याच्याच रानात सोडून मोकळा होतो. आमच्या मते दोघेही चुकतात. खालच्याने वाट द्यावी. वरच्याने ओढ्यापर्यंत चर नेण्यास खांदा द्यावा. आणि ओढ्याखालीही कोणी पाणी पितोच. म्हणून मुळात गरजेपुरतेच पाणी घेणे हा पहिला धर्म.

समुद्राला वाट नाही; आम्हांला आहे, ती शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. ती मोकळी राहिली, तर दारी आलेल्यास तांब्या पुढे करून आमची मुलेही म्हणतील, “घ्या, गोडं पाणी आहे.”