ओल झाकणारा रंग

मे महिना हा भाड्याच्या घरांचा हंगाम असतो. जूनमध्ये शाळा उघडतात, नोकरदारांच्या बदल्या होतात, नवविवाहितांना स्वतंत्र खोली हवी असते. याच दिवसांत रिकाम्या सदनिकांच्या भिंतींवर नवा रंग चढतो. घर स्वच्छ करून रंगवणे यात गैर काहीच नाही. परंतु ज्या भिंतीतून दर जुलैमध्ये पाणी झिरपते, त्या भिंतीवर मे महिन्यात रंगाचा हात फिरवला जातो आणि ‘हवेशीर, प्रशस्त, नुकतेच रंगकाम केलेले’ अशी जाहिरात दिली जाते. पाहणाऱ्याने विचारले नाही, दाखवणाऱ्याने सांगितले नाही. जाहिरातीतील एकही शब्द खोटा नाही. मग येथे पाप घडले, असे म्हणता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर मदीनेच्या बाजारात मिळते. सहीह मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसनुसार आदरणीय पैगंबर (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात असता त्यांनी ढिगात हात घातला आणि त्यांच्या बोटांना ओल लागली. विचारणा करताच विक्रेत्याने पावसाने धान्य भिजल्याचे सांगितले. तेव्हा, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे पैगंबरांनी (स.) विचारले आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले.

या प्रसंगाचा बारकाईने विचार करावा. विक्रेता खोटे बोलला होता, असे हदीसमध्ये कोठेही आलेले नाही. विचारताच त्याने खरे कारण सांगितले. पाऊस पडणे हाही त्याचा अपराध नव्हता. दोष होता तो मांडणीत: कोरडे वर, ओले खाली. म्हणजेच शरीअत केवळ जिभेचा हिशेब मागत नाही. समोरच्याच्या मनात चुकीची समजूत आपण कोणत्या मार्गाने निर्माण केली, याचाही हिशेब मागते. इमारत जुनी होणे, गच्ची गळणे हा घरमालकाचा गुन्हा नव्हे. गळती रंगाखाली दडवणे हा मात्र गुन्हा आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, भाडेकरूने घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. हा आक्षेप वरवरचा नाही. हनफी फिक्हच्या ‘दुर्रे मुख्तार’ या ग्रंथात स्पष्ट नमूद आहे की, घराची डागडुजी, गिलावा, पन्हळीची दुरुस्ती आणि राहण्यास बाधा आणणारी प्रत्येक गोष्ट सुधारणे मालकाकडे आहे. मालकाने नकार दिल्यास भाडेकरू घर सोडून जाऊ शकतो. मात्र घर त्याच अवस्थेत पाहून त्याने ते घेतले असेल, तर त्याला हा हक्क राहत नाही. मग मे महिन्यात घर पाहणाऱ्याचा हक्क संपला काय?

येथे इजारा, म्हणजे भाडेकराराचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. फुकहांच्या मते इजारा म्हणजे मनफअतीची, उपभोगाची विक्री होय. भाडेकरू विटा आणि दारे विकत घेत नाही. तो त्या घरात राहण्याचा लाभ घेतो, आणि हा लाभ क्षणाक्षणाने अस्तित्वात येतो. अकरा महिन्यांच्या करारात तो जुलैची रात्रही विकत घेत असतो, आणि ती रात्र मे महिन्यात डोळ्यांना दिसत नाही. तिचे ज्ञान फक्त मालकाला असते. शिवाय रंग दिल्यानंतर ओल ‘पाहिली’ असे म्हणणे म्हणजे ढिगाचा वरचा थर पाहून खालचे धान्य पाहिले असे म्हणणे होय. म्हणूनच राहण्यास बाधक दोष नंतर उघड झाला तर करार मोडण्याचा अधिकार ‘हिदाया’ने भाडेकरूला दिला आहे.

दुसरा आक्षेप दलालाचा. घर माझे नाही, मी केवळ दोघांची गाठ घालून देतो, असे तो म्हणतो. दलाली हा वैध व्यवसाय आहे; प्रामाणिक दलाल गरजूचे पायपिटीचे कष्ट वाचवतो. परंतु मुस्नद अहमदमधील हजरत वासिला बिन अस्कअ (रजि.) यांचा प्रसंग त्याने ध्यानी ठेवावा. एका माणसाने उंटीण विकत घेतली. हजरत वासिला (रजि.) त्याच्या मागे गेले आणि ती मांसासाठी घेतली की प्रवासासाठी, असे त्यांनी विचारले. प्रवासासाठी, असे कळताच तिच्या पायात दोष असल्याचे त्यांनी सांगून टाकले. विकणारा नाराज झाला. तेव्हा त्यांनी पैगंबरांची (स.) शिकवण ऐकवली: दोष न सांगता वस्तू विकणे वैध नाही आणि ज्याला दोष ठाऊक आहे त्याने तो न सांगणेही वैध नाही. त्यांनी आधी हेतू विचारला, हे महत्त्वाचे आहे. चौथ्या मजल्यावरील लिफ्ट नसलेले घर तरुणाला चालेल. गुडघे दुखणाऱ्या वृद्ध आईला घेऊन येणाऱ्यासाठी तोच मोठा दोष ठरेल.

आता एक कटू वास्तव. आपल्या शहरांत अनेक मुस्लिम कुटुंबांना केवळ नाव ऐकून घर नाकारले जाते. या अन्यायाबद्दल आपण तक्रार करतो आणि ती रास्त आहे. पण दारोदार नकार ऐकून ते कुटुंब अखेर आपल्या मोहल्ल्यात येते, तेव्हा काय होते? ‘यांना दुसरीकडे कोण घर देणार’ या हिशेबाने गळकी खोली चढ्या भाड्याने गळ्यात बांधली जाते. ज्या लाचारीबद्दल आपण इतरांना दोष देतो, तीच लाचारी आपल्या नफ्याचे साधन बनते. गरजवंताच्या संमतीवर बोट ठेवून आपण सुटू शकत नाही. ती संमती किती मोकळी होती, हे अल्लाह जाणतो. आणि भाडेकरू मुस्लिमेतर असला तरी ही जबाबदारी तसूभरही कमी होत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व ती जबाबदारी घरमालकावर आहे. कुरआननेही सूरह बकरामध्ये उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा दिली आहे. पण भिंतीतील ओल ईशभयावाचून कागदावर येत नाही.

प्रत्येक ओरखडा सांगणे आवश्यक आहे काय? नाही. जी गोष्ट राहण्यास बाधा आणते, जी कळली असती तर घेणाऱ्याने पुनर्विचार केला असता, ती सांगावी: गळती, पाण्याची टंचाई, जवळ आलेला पुनर्विकास, थकलेले वीजबिल. हवा आणि उजेड खरोखर असेल तर त्याची स्तुतीही खुशाल करावी.

खरे सांगितले तर घर रिकामे राहील, भाडे कमी येईल, ही भीती खरी आहे. कित्येक विधवांची चूल एका खोलीच्या भाड्यावर पेटते. त्यांनी भाडे थोडे उतरवावे, पावसाळ्याआधी जमेल तेवढी दुरुस्ती करावी, पण लपवू नये. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांची हदीस आहे: व्यवहार करणारे दोघे खरे बोलले आणि दोष उघड केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते, लपवले आणि खोटे बोलले तर बरकत पुसली जाते. हदीसमध्ये दोघांचाही उल्लेख आहे. चार माणसे सांगून नऊ जण राहायला आणणाऱ्या भाडेकरूलाही ती लागू आहे.

अल्लाह आम्हा सर्वांना आपल्या घरातील ओल उघडपणे दाखविण्याचे धैर्य देवो आणि सत्याने मिळालेल्या थोड्या भाड्यात बरकत देवो. आमीन.