उजवीकडचे आसन कोणाचे?

शास्त्रपाठ : मार्क 10:35-45



जब्दीच्या दोघा मुलांनी प्रभूजवळ त्याच्या गौरवातील उजवे व डावे आसन मागितले. ते ऐकून बाकीच्या दहांस राग आला. हा राग निर्मळ होता असे आम्हांस वाटत नाही. मागणे दोघांनी केले, परंतु इच्छा बाराही जणांच्या अंतःकरणात होती. तेव्हा प्रभूने सर्वांस जवळ बोलावून शिकविले की, सत्ता गाजविणे ही जगातील अधिपतींची रीत होय; तुम्हांमध्ये ज्याला थोर व्हावयाचे आहे त्याने सर्वांचा सेवक व्हावे.

मंडळ्यांच्या वार्षिक सभा जवळ आल्या म्हणजे आम्हांस हा पाठ आठवतो. अध्यक्ष कोण व्हावा, पाहुण्यांस हार कोणी घालावा, एवढ्यावरून सख्खे भाऊ प्रभुभोजनास एकत्र येईनासे झाल्याचे आम्ही पाहिले आहे. ह्यास्तव एका जुन्या प्रॉटेस्टंट मंडळीची रीत आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मंडळीची महासभा 1560 साली प्रथम भरली. ह्या मंडळीत बिशप नाहीत. इंग्लंडच्या मंडळीप्रमाणे राजा तिचा प्रमुख अधिकारीही नाही. महासभेस राजाचा प्रतिनिधी येतो खरा, परंतु वादविवादात त्याला भाग घेता येत नाही. मंडळीचे मस्तक एकटा ख्रिस्त, अशी तिची श्रद्धा आहे. तरी सभा चालवावयास कोणी तरी हवाच. त्याला ते मॉडरेटर म्हणतात. ह्या शब्दाचा मूळ अर्थच आवर घालणारा, मर्यादा राखणारा असा आहे.

मॉडरेटरची निवड कशी होते? ह्या कामासाठी नेमलेली समिती विचार करून एक नाव सुचविते. ते नाव बहुधा आदल्या शरद ऋतूत प्रसिद्ध होते, आणि मे महिन्यात एडिंबरो येथे महासभा भरली म्हणजे ती त्यास रीतसर निवडते. नेमणूक एका वर्षाची असते. त्या वर्षात मॉडरेटर सभेचे अध्यक्षपद चालवितात, मंडळ्यांच्या भेटी घेतात, देशोदेशी मंडळीच्या वतीने जातात. त्यांच्या हाती मानाची अंगठी येते, परंतु मंडळीचे धोरण त्यांच्या हाती येत नाही. ते महासभाच ठरविते. वर्ष भरले की आसन दुसऱ्याचे होते.

हे आसन केवळ पाळकांचेच आहे असेही नाही. 1567 साली जॉर्ज ब्यूकॅनन नावाच्या विद्वानाला ते मिळाले. तो पाळक नव्हता. पुढे 2004 साली अ‍ॅलिसन एलियट ह्या बाईंस ते मिळाले. त्याही पाळक नसून मंडळीच्या वडील होत्या, आणि ह्या आसनावर बसणाऱ्या पहिल्या स्त्री होत्या. पहिल्या महासभेपासून तोपर्यंत 444 वर्षे लोटली होती! ह्यावरून दिसते की चांगल्या रीतीच्या मंडळीसही देवाचे दान ओळखावयास विलंब लागतो.

आता आमच्या मुंबईचाच एक दाखला घ्या. 1843 साली स्कॉटलंडच्या ह्या मंडळीतून फ्री चर्च वेगळे झाले. त्याच्या महासभेतही मॉडरेटर निवडण्याची हीच चाल होती. 1829 साली मुंबईस आलेले मिशनरी डॉ. जॉन विल्सन ह्यांस 1870 साली त्या महासभेने हा मान दिला. मायदेशी एवढी थोरवी मिळाल्यावर तेथेच विसावा घेतला असता तर कोणी दोष दिला नसता. परंतु ते आपल्या कामावर मुंबईस परत आले, आणि 1875 साली येथेच प्रभूमध्ये निजले. आसनावर चढणे पुष्कळांस साधते. त्यावरून उतरून पुन्हा कामास लागणे थोड्यांस साधते.

तर वाचकहो, येत्या सभेत मत देण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावे : ज्याला मी निवडीत आहे तो भांडणास आवर घालील की तेल ओतील? आणि ज्याची निवड होणार नाही त्याने विचारावे : पुढल्या रविवारी मी माझ्या नेहमीच्या जागी उपासनेस बसेन काय? हा दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि मंडळीची खरी परीक्षा त्यातच होते. जो सेवा करून घ्यावयास नव्हे तर सेवा करावयास आला, तो प्रभू आम्हां सर्वांस तशी बुद्धी देवो. आमेन.